घराण्यातली खोट

“म्हणजे खोट सापडलीच नाही?” भाचीने विचारलं.

मावशीने फ्रीजरचं दार लोटलं. निवृत्तीला चार दिवस उरले होते. प्रयोगशाळेतला तिचा निम्मा पसारा खोक्यांत गेला होता.

“शोधायचं सोडलं नाही गं मी.”

अठ्ठावीस वर्षं ती हेच सांगत आली होती. भाचीचा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना आठवड्याभराच्या तापाने गेला. एवढ्या साध्या जंतूने धडधाकट पोर जात नाही, घराण्याच्या जनुकांतच खोट असणार, असं मावशी तेव्हा म्हणाली होती. त्या एका वाक्यावर तिची कारकीर्द उभी राहिली. एकाच रोगातून एक का वाचतो आणि दुसरा का जातो, हे तिने जगाला समजावलं, पदकं मिळवली. बहिणीने मात्र ते वाक्य ऐकून अंथरूण धरलं. “माझ्याच रक्ताने माझं पोर खाल्लं,” म्हणत ती झुरून झुरून गेली.

“मला छत्तिसावं लागलं, मावशी. ह्यांना मूल हवंय, मलाही हवंय. पण आईच्या वाट्याला आलं ते मला नाही झेपायचं. तू खात्रीने हो म्हण.”

“तुझ्या रक्तात मला काही दिसलं नाही.”

“छोटूच्या तरी कुठे दिसलं?”

 मावशीने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

“किती जीव होता तुझा त्याच्यावर,” भाची म्हणाली. “कामावरून थेट यायचीस आणि अंगातला कोटही न काढता त्याला खांद्यावर घ्यायचीस. आता तर आंघोळ केल्याशिवाय कुणाला शिवत नाहीस. म्हातारचळ नुसता!”

दोघी हसल्या. मग भाचीचा चेहरा पडला.

“खात्री नाही ना? मग नकोच. ह्यांना आज सांगून टाकते.”

“थांब जरा…”

“काय?”

मावशीचे ओठ हलले.  “काही नाही. जपून जा.”

भाचीने तिला घट्ट मिठी मारली. “आमच्यासाठी जन्म वेचलास तू.” आणि डोळे पुसत ती गेली.

मावशीने खणाच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला. तपासणी तिचीच, अक्षर तिचंच, तारीख पोर गेल्यानंतरच्या महिन्यातली. मुलाच्या जनुकांत कसलीही खोट नव्हती. त्याच्या रक्तातला जंतू मात्र साधा नव्हता. तिनेच आपल्या टेबलावर सहा महिने खपून जहाल केलेला तो वाण होता.