नळीवरचं नाव

नख लावलं न लावलं तोच नळीवरची चिठ्ठी सुटली. रत्नम्माला हायसं वाटलं. फाटली असती तर पंचाईत होती.

लिंगपूजा आटोपून ती नुकतीच उठली होती. सून शिवकन्या गच्चीवर धुणं वाळत घालायला गेली होती. फ्रीजवर तपासणीला द्यायच्या, भरून ठेवलेल्या दोन नळ्या उभ्या, दिसायला अगदी एकसारख्या. एकीवर रत्नम्माचं नाव, एकीवर शिवकन्याचं. रत्नम्मानं दुसरीही चिठ्ठी सोडवली, नावांची अदलाबदल केली, अंगठ्यानं दाबून बसवली आणि चहा ठेवायला गेली. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

आदल्या दिवशी एका आरोग्य संस्थेच्या पुनमताईनं देगलूरच्या त्यांच्या गल्लीतल्या बायका गोळा केल्या होत्या.

"गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून ही तपासणी. डॉक्टर नको, टेबलावर झोपणं नको. घरीच, दार लावून, हा ब्रश आत घालून फिरवायचा आणि नळीत टाकायचा. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, तो पुरुषाच्या संबंधातून येतो."

तो वर्षानुवर्षं अंगात गप पडून राहतो, असंही ती पुढं म्हणाली. पण तोवर बाया तोंडाला पदर लावून अशा काही खिदळायला लागल्या की ऐकतंय कोण! रत्नम्माच्या डोक्यात तेवढं एकच वाक्य बसलं. पुरुषाच्या संबंधातून येतो.

तिचा नवरा पंचाक्षरी जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्यानंतर नवऱ्याच्या गुळाच्या दुकानातला मुनीम गुरुपादप्पा हिशेब दाखवायला जरा जास्तच वेळा घरी यायचा. गल्ली तेव्हा कुजबुजली होती, आणि गल्ली खोटं बोलत नव्हती. आता विधवेच्या नावावर हा रोग निघाला तर जुनं सगळं उकरून निघणार. तपासणी न करावी तर महिनाभर लुगड्याला रक्ताचे डाग लागून राहिले होते, जिवाला घोर होता. म्हणून तिनं हा तोडगा काढला. वाईट निघालंच तर ते सुनेच्या नावावर निघेल. तिला नवरा आहे, तिला कोण काय बोलणार? आपण गुपचूप जहिराबादला बहिणीकडं जायचं आणि तिकडंच औषधपाणी करून घ्यायचं.

तीन आठवड्यांनी पुनमताई आली. शिवकन्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"काकू, शिवकन्याचं काही न्हाई. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. घाबरू नका, हा कॅन्सर न्हाई. पन नांदेडला जाऊन पुढची तपासनी करावी लागंल. वेळेत केली तर निभावतं बघा."

शिवकन्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

रत्नम्माला आधी सुटल्यासारखं झालं. नाव आपलं निघालं खरं, पण नळी सुनेची. म्हणजे आपण साफ! मग तिनं सुनेकडं नीट पाहिलं. हिच्यात आहे तर. एक शब्द बोललं असतं तर पोरीचा जीव वाचला असता. पण तो शब्द बोलला की नावं का बदलली तेही सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर रत्नम्माला फार वाईट वाटतही नव्हतं. लग्नाला आठ वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. मुलगा रेवणसिद्ध अजून पस्तिशीचा. उदगीरला चांगल्या घरच्या मुली आहेत.

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "न्हाई येत मी नांदेडला."

पुनमताई आणखी चारदा आली. विनवलं, दटावलं, गाडी करून देते म्हणाली. शेवटी रत्नम्मानं तिला उंबऱ्यावरूनच हाकललं. शिवकन्या मात्र 'जाऊन या' असं एकदाही म्हणाली नाही. उलट भलतीच सेवा करायला लागली. रोज पायाला तेल, पहिली गरम भाकरी सासूला. डोळे सदा सुजलेले. रत्नम्मा तिचं सुकत चाललेलं तोंड बघायची आणि मनात महिने मोजायची. इकडं तिचे स्वतःचे डाग वाढले, कंबर धरून राहिली, वासही यायला लागला. रत्नम्मानं सब्जाचं पाणी सुरू केलं. उष्णता असेल, दुसरं काय! आपला रिपोर्ट तर चांगला होता.

असे दहा महिने गेले.

पंचमीला शिवकन्या भोकरला माहेरी गेली. आठ दिवसांनी आली ती हातातली पिशवीही न ठेवता रत्नम्माच्या पायांवर पडली.

"अत्ते, मला मारा, घरातून काढा, पन ऐका. लई मोठं पाप केलंय मी."

"काय झालं गं?"

"त्या रिपोर्टचं. तुमचे चिरंजीव महिना महिना हैदराबादला असतात. माझ्या नावावर तसलं निघालं असतं तर त्यांनी मला उभी चिरली असती, कुनाकडं गेलती म्हनून. मला वाटलं, म्हाताऱ्या मानसावर कोन संशय घेतंय? म्हनून त्या दिवशी सकाळी, तुमी पूजेला बसला तवा, मी दोन्ही नळ्यांवरची नावं बदलली."

रत्नम्माचा तिच्या डोक्याकडं गेलेला हात थांबला.

"कवा म्हनलीस?"

"तुमची पूजा चालू होती तवा. मग भीतीनं गच्चीवर जाऊन बसले. तुमचं म्हनून निघालं ते माझंच, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दहा महिने तोंड शिवून बसले. शेवटी माहेरी आईला सांगितलं, तिनं नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाईनं दोनदा तपासलं."

शिवकन्यानं डोळे पुसले आणि वर पाहिलं.

"त्या म्हनल्या, तुझ्यात काहीच न्हाई. मग अत्ते, ती नळी कुनाची होती?"