मागून येणाऱ्यांसाठी

दुसऱ्या ताऱ्यापर्यंतची जंप संपली आणि शिवरामला समोर अकरा लाल ठिपके दिसले. चाच्यांची जहाजं. आपलं म्हणावं असं एकही जहाज आसपास नव्हतं.

"विकी, मी पोचलो. इथे अकरा जण टपून बसलेत. तुम्ही कुठे आहात?" माइक तोंडाजवळ ओढत तो म्हणाला. उत्तर नाही. "धम्मपाल? अरे, कोणीतरी बोला रे!"

रविवारची दुपार. ठाकुर्लीतल्या दोन खोल्यांच्या घरात आत शकू बोंबील साफ करत होती आणि बाहेरच्या खोलीत तिचा नवरा, वय वर्षं सासष्ट, मालगाडीचा निवृत्त गार्ड, अंतराळात एकटा सापडला होता. कॉम्प्युटरवरचा खेळ, तसा साधा. या ग्रहावरचा माल त्या ग्रहावर न्यायचा आणि वाटेत चाचे आले तर लढायचं. पण शिवरामच्या जहाजावर एकही बंदूक नव्हती, होती ती औषधं, वेढा पडलेल्या एका वस्तीसाठी. बंदुका ग्रुपच्या पोरांकडे. "तुम्ही व्हा पुढे काका, आम्ही मागोमाग आलोच," असं विकीने सांगितलं म्हणून तो निघाला होता. आठ महिने एकेक खेप मारून त्याने हे जहाज कमावलं होतं. आणि या खेळात फुटलेलं जहाज परत मिळत नाही.

पळायला वाट होती. डावीकडे स्थानक जवळ होतं, इंजिन तापून तयार होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने पळायचं बटण दाबलं असतं. शिवरामच्या मनात ते आलंच नाही. कोणी बोलत नाही म्हणजे पोरांची आवाजाची लाइन तुटलीय, असं त्याने धरलं. त्यांना काही ऐकू गेलेलं नाही, आणि आता ती सरळ या अकरा जणांच्या तोंडात येऊन पडणार. गाडी मध्येच अडकली की गार्डाने लाल बावटा घेऊन मागे चालत जायचं, रुळांवर चाकाखाली फुटणारे फटाके लावायचे आणि मागून येणारी गाडी थांबवायची. छत्तीस वर्षं हेच केलेलं. त्याने जहाज उलटं फिरवलं आणि पोरं जिथे उगवणार होती तिकडे सगळे दिवे उघडझाप करत निघाला.

अकराच्या अकरा त्याच्या मागे लागले. पहिल्या माऱ्यात डावं इंजिन गेलं. एका हाताने जहाज सांभाळत दुसऱ्या हाताच्या एका बोटाने तो चॅटमध्ये लिहीत होता, "येऊ नका. सापळा". पुढचं 'आहे' लिहायच्या आत जहाज फुटलं.

आणि हेडफोनमध्ये एकदम कल्ला झाला. जवळच्याच एका मोठ्या दगडाआडून चार जहाजं बाहेर पडली आणि एका रांगेत आलेल्या चाच्यांना त्यांनी मिनिटभरात भाजून काढलं.

"काका, कडक! एक नंबर!" विकी ओरडत होता. "सगळे लाइनीत आले तुमच्या मागे!"

शिवरामने विचारलं, "तुम्ही इथेच होतात?"

"मग! तुमच्या आधीच पोचलेलो. इंजिन बंद, माइक म्यूट. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नीट घाबरला नसता ना. ओरिजिनल पाहिजे होतं."

"पण काका," धम्मपालने हळूच विचारलं, "तुम्ही पळाला का नाहीत? आणि लाइट कोणाला मारत होता?"

"तुम्हाला, गाढवांनो! तुम्ही येऊ नये म्हणून!"

मग विकीच म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका. आजच नवीन जहाज देतो, डबल साइजचं. आपल्याकडे कमी आहे काय?" ते खरंच होतं. विकीला काही कमी नव्हतं, खेळातही आणि ठाण्यात कोलशेतच्या घरीही.

"जहाज नको मला. मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर आला असता?"

"आलो असतो! पहिला आलो असतो!"

"मग तेच झालं ना. फरक काय पडला?"

शिवरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फरक? अरे, विचारलं असतंस तर मी आपणहून मेलो असतो! आज तुम्ही मला मारलंत! मी काय शिकारीला बांधलेला बोकड आहे? दगडाआड बसून बघत राहिलात आणि वर जहाज देतो म्हणतोस? तुझं जहाज घाल चुलीत!"

आवाज एवढा चढला की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला. त्याने हेडफोन काढून टेबलावर आपटला. सूड घ्यायला त्याच्याकडे एवढी एकच गोष्ट होती आणि तीही मुलीने आणून दिलेली.

शकू ओल्या हातांनी बाहेर आली. "अहो, चाललंय काय? खेळात कोणी एवढं चिडतं का? छत्तीस वर्षं नोकरी केलीत, रात्री-अपरात्री बोलावलं तरी निघायचात. पण कुठल्या साहेबावर असं ओरडलेलं मी कधी ऐकलं नाही."

"तिथेही कधी कोणी विचारलं नाही," शिवराम म्हणाला. आवाज अजून चढलेलाच होता. "तिथे मी नुसता जात राहिलो."