दोन आया

भर दुपारी घरात ती आणि आतल्या खोलीत निजलेली तिची तान्ही चिऊ, दोघीच. नवरा महिनाभर परगावी. एआय मदतनीस ज्यातून क्लाउडवर माहिती साठवायचे कप्पे तयार करतात, त्या साधनाची माहितीपुस्तिका ती लिहीत होती. उदाहरणात खोटं नाव घालायचं असतं, पण जागरणानं डोळे जड झालेले; कप्प्याला नाव पडलं ‘चिऊ’.

उदाहरण चालवताच मदतनीसाचं उत्तर उमटलं, “हा कप्पा आधीच आहे. उघडायची परवानगी दोघींना: आई आणि आई.”

तिनं ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावून ते वाचून दाखवलं.

“अगं, डुलकी लागली असेल तुला,” मैत्रीण हसली. “आणि खरंच दुसरी आई मिळाली तर इकडे धाड. भांडी पडलीत माझी.”

तिलाही हसू आलं. परवानगीच्या दोन्ही नोंदी हुबेहूब सारख्या होत्या. तिनं खालची काढून टाकली.

“झालं,” मदतनीसाचं उत्तर आलं. “आता चिऊजवळ एकच आई जाऊ शकेल.”

तेवढ्यात चिऊ रडू लागली. ती धावली. नुसतं लोटलेलं दार काही केल्या उघडेना.

आतलं रडणं हळूहळू थांबलं. मग तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “आले हं सोन्या, आई आली.”