चहातले थेंब

"आता आईंना सांगून टाका," मिरजेच्या दवाखान्यातल्या समुपदेशक रुक्सार मॅडम म्हणाल्या. "लपवून दिलेल्या औषधावर माणूस फार दिवस उभा राहत नाही."

"आणि तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला तर?" उत्कर्षानं विचारलं.

"तर पुन्हा बसू, पुन्हा बोलू. पण त्यांना हे तुमच्याच तोंडून कळायला हवं."

मिरजेहून इस्लामपूरला परतताना एसटीत तानुबाई लेकीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. उत्कर्षाच्या मनात तेवढंच घोळत होतं.

गेल्या वर्षी भावानं, सूरजनं, आईला आटपाडीहून तिच्याकडे आणून सोडलं, तेव्हा तानुबाई नुसता सांगाडा उरली होती. कानात माणसं बोलायची. जेवणात विष घातलंय म्हणायची. सुनेनं वाढलेलं ताट तिनं अंगणात भिरकावलं होतं. स्वतः सोललेलं केळं, तेवढंच पोटात जायचं. मिरजेच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या ती थुंकून टाकी.

उत्कर्षा शाळेतली नोकरी सांभाळून हे सगळं बघत होती. एका संध्याकाळी ओट्याला टेकून ती फोनवर रडली. "सूरज, माझ्यानं आता होत न्हाई रं."

शेवटी डॉक्टरांनी चहातून नकळत द्यायचे थेंब दिले. समजावून सांगता येईल इतकं मन शांत होईपर्यंत, एवढ्यापुरतेच.

पहिल्या दिवशी उत्कर्षानं थेंब घातलेला चहा पुढं ठेवला. तानुबाईनं कपाकडं बराच वेळ बघितलं. मग उठून अंघोळ केली. लग्नकार्याला नेसायचं हिरवं इरकल नेसली. देवापुढं दिवा लावला. लेकीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि उभ्यानंच चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. बाकी कुणाच्या हातचं पाणी चालत नव्हतं, पण लेकीचा चहा तिनं कधी परत केला नाही.

"एवढा विश्वास आहे, म्हणजे अर्धं काम झालं," डॉक्टर म्हणाले होते.

पुढचं अर्धं काम उत्कर्षानं डोळ्यांनी बघितलं आणि तरी तिला खरं वाटेना. पाण्यासारखं दिसणारं ते औषध. त्यानं आई परत आली, एकदम नव्हे, जरा जरा. आधी झोप आली. मग भूक. मग एका दुपारी छताकडं बघत ती म्हणाली, "पंखा निस्ता पंख्यावानीच वाजतूय गं आज." उत्कर्षा हातातली वही तशीच धरून बसून राहिली.

पुढं रुक्सार मॅडमशी बोलणं सुरू झालं. कानातला आवाज आला तर काय करायचं, कुणाला विचारायचं, हे तानुबाई शिकली. वर मॅडमचीच चेष्टा करू लागली. "मॅडम, तुमच्या खोलीतला पंखा लय बडबडतूया. त्याला द्या की येक गोळी."

घरी आल्यावर उत्कर्षानं चहा केला. थेंबांची बाटली उघडली नाही. ती तशीच कपाशेजारी ठेवली आणि आईसमोर बसली.

"आई, चिडू नकोस. तुझ्या चहात मी रोज हे घालत होते."

तानुबाईनं बाटली उचलून उजेडात धरली.

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"पैल्या दिसापासनं. दारातनं बघितलं की म्या तुला."

उत्कर्षाच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिला हसूच आलं. "आणि मी इकडं भीतीनं मरत होते! म्हणजे औषध आहे हे तुला कळलं होतं?"

"औषाद हाय ते मागनं कळलं. मॅडमकडं जायला लागल्यावर."

"मग आधी काय वाटायचं?"

"इख."

उत्कर्षाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "आई, विष वाटत होतं तर रोज पीत का होतीस?"

तानुबाईनं कप ओढून घेतला आणि चहावर फुंकर घातली.

"तू लय दमली हुतीस गं."