भट्टीवरची खूण

भट्टीच्या धडधडीत बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून जोडीदार भट्टीवाल्याचा तळहात दोनदा दाबायचा. म्हणजे 'मागं हो'. त्या दिवशीही दाबला, पण ह्याला वाटलं, गडी मस्करी करतोय. भडका उडाला. जोडीदार जागीच गेला, ह्याचा हात भाजून पार बधिर झाला.

बायको रोज त्याला डोळे मिटायला लावून स्पर्श कळतो का बघायला तळहातावर कापूस फिरवायची. कळायचं काहीच नाही. आज मात्र डोळे मिटल्या मिटल्या तो ओरडला, "अगं, कळलं! पण दोनदा दाबलंस कशाला?"

"काहीतरीच तुमचं! मी इकडं शेगडीपाशी, काडी काढतेय."

त्यानं धावत जाऊन तिच्या हातातली काडी हिसकावली. तेव्हा कुठं दोघांना गॅसचा वास आला.

मग तळहातावरची पकड सुटली, आणि हाताचं पुन्हा लाकूड झालं.