पाठीवरचे अण्णासाहेब

ऋतुराजने क्लिप पुन्हा पहिल्यापासून लावली, तशी वैजयंतीबाईंनी खुर्ची जरा मागे घेतली. चार वेळा बघून झाली होती. पडद्यावर अपेक्षा पळत आली, बसलेल्या खेळाडूच्या पाठीवर तिचा तळहात पडला, 'खो' ऐकू आलं आणि चित्र तिथंच थांबलं. मधोमध तळहात होता. तळहाताच्या चारी बाजूंनी उरलेले अण्णासाहेब होते.

"हे काय आहे, मॅडम?"

"खो आहे," बाई म्हणाल्या.

अण्णासाहेब संघाचे मालक आणि ऋतुराजचे सख्खे काका. ऋतुराज संघाचा सीईओ. पुण्याला चार दिवसांचं क्रीडा-व्यवसाय आणि नेतृत्वाचं शिबिर करून आल्यापासून त्याने होटगी रोडवरच्या या ऑफिसात 'ऐकतो तोच नेता' अशी फ्रेम लावली होती. तिच्या खाली बसून तो बोलत असे.

जर्सीची छाती सळईवाल्या कंपनीच्या जाहिरातीला गेली होती. पाठ उरली. तिच्यावर अण्णासाहेबांचा हसरा फोटो आला, गळ्यापासून कपाळापर्यंत, ऐसपैस. हे ठरवणाऱ्या बैठकीला सात माणसं होती आणि खो-खोत पाठीचं काय होतं, हे सातांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. बाईंना बोलावलं नव्हतं. बैठक ब्रँडिंगची होती, त्या नुसत्या प्रशिक्षक.

परवाचा सामना पहिल्यांदाच टीव्हीवर थेट दाखवला. अण्णासाहेबांच्या तोंडावर मोजून त्र्याण्णव वेळा हात पडला. त्यांच्या साखर कारखान्याची निवडणूक तोंडावर. विरोधी पॅनेलने त्याच रात्री क्लिपला हलगी लावून ती गावोगाव पाठवली.

ऋतुराजचं म्हणणं सरळ होतं. यापुढे खो खांद्यावर द्यायचा, तोही दोन बोटांनी, सन्मानपूर्वक. बाईंनी नियम सांगितला: पाठीला हात लागला पाहिजे, नाहीतर फाउल. ऋतुराज म्हणाला, फाउल मैदानावर होतो, आपल्याला घरी जाऊन काकांसमोर जेवायला बसायचं असतं. मग फोटो काढा, असं बाईंनी सुचवलं. काकांना ते कोण सांगणार, तुम्ही का, असं त्याने विचारलं. बाईंचाही करार मार्चपर्यंतच होता. त्यांनी विषय सोडला. ऋतुराजने पडद्यावरच्या अपेक्षाकडे बोट दाखवलं.

"त्र्याण्णवातले एकतीस या एकट्या पोरीचे आहेत. आणि सगळ्यात जोरात. रविवारच्या फायनलला ती नको."

रविवारी खेळाडू-कोट्यातल्या नोकरीसाठी रेल्वेचे निवडकर्ते येणार होते. अपेक्षाचं वयात बसायचं हे शेवटचं वर्ष. सात वर्षं बाईंनी तिला पळवलं होतं, ते या एका रविवारसाठी. त्यांनी आवाज खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या ऋतुराजला सर म्हणाल्या. तेवढ्याने तो जरा निवळला. पोरीकडून लेखी माफी घेऊन काकांसमोर ठेवतो म्हणाला, आणि तिला आत बोलावलं.

अपेक्षा दुधनीकडची. सरावाच्या कपड्यांतच आली आणि दारापाशी उभी राहिली. ऋतुराजने पडदा दाखवला.

"कुणाच्या सांगण्यावरून मारलंस?"

"मारलं न्हाय, सर. खो दिला."

"एवढ्या जोरात? अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावर?"

अपेक्षाने पडद्याकडे नीट पाहिलं. मान वाकडी करून पाहिलं.

"हे अण्णासाहेब हायेत व्हय? पळताना पाठ तेवढी दिसती की, सर. फोटो कुणाचा, ते कुटं बघत बसू?"

बाईंना वाटलं, सुटली पोरगी. ऋतुराजलाही वाटलं. तो खुशीत म्हणाला, हेच लिही, ओळखलं नाही म्हणून चुकून झालं. कोरा कागद त्याने पुढे सरकवला आणि तेवढ्यात फोन वाजला. काकांचा होता. तो उभा राहिला, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच गोड बातमी दिली: मुद्दाम नाही, काका, पोरीने तुम्हाला ओळखलंच नव्हतं.

"ओळखलं न्हाय?" अण्णासाहेब म्हणाले. "तीन महिने माझा फोटो बघती ती."

ऋतुराज म्हणाला, पळताना दिसत नाही काका. अण्णासाहेबांनी विचारलं, बसल्यावर? जेवताना? बाकीच्या पोरींना तरी ठाऊक आहे का? ऋतुराजने अपेक्षाकडे पाहिलं. तिने जमिनीकडे पाहिलं.

"हे बाहेर गेलं तर काय राहिलं रे माझं?" अण्णासाहेबांचा आवाज एकदम थकला. "मारलेलं चालतं. विरोधकानं फितवलं, म्हणून मारलं. लोकांना पटतंय ते. तिच्याकडून तसं लिहून घे. मुद्दाम मारलं म्हणून."

"मग फायनल?" बाईंनी फोनकडे वाकून विचारलं.

"खेळू दे की. माफ केलं म्हणून सांगू. स्टेजवर शाल देतो तिला."

ऋतुराजने भराभर मजकूर सांगितला. विरोधकांच्या भूलथापांना बळी पडून, जाणूनबुजून, आदरणीय अण्णासाहेबांच्या प्रतिमेवर. अपेक्षाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी होकाराची मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं. पोरगी टेबलाशी वाकून शाळेतल्या अक्षरात लिहायला लागली. फोन चालूच होता. पलीकडे अण्णासाहेबांचा श्वास ऐकू येत होता.

पहिल्याच ओळीत, 'प्रति, अण्णासाहेब' इथं पेन थांबलं.

"बाई," अपेक्षाने हळूच विचारलं, "ह्यांचं आडनाव काय हाय?"