शितलची बोली

“ह्यात खाली लोकं काहीबाही लिहितेत, तसं हाय का?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

हरीशनं व्हिडिओ ठेवायचं एक सॉफ्टवेअर उघडून लॅपटॉप आईकडे वळवला. हिंगोलीतलं आपलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आज बंद ठेवून तो साखऱ्याला घरी आला होता. “हाय. पण ते बंद करता येतंय, माय.”

“बंद करता येतंय म्हंजी उघडताबी येतंय. दुसरं दाखव.”

आई असं का म्हणते ते हरीशला ठाऊक होतं. त्याची बहीण शितल हिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मायलेकींनी घरातल्या घरात हातांची एक बोली तयार केली होती. कपाळावर मूठ घासली की ताप. हनुवटीखाली बोट फिरवलं की राग आलाय, पण खोटा खोटा. शितलच्या लग्नात ती अशी आईशी बोलत असताना कोणीतरी मोबाइलवर टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. लोक हसले. काही पोरांनी तिची नक्कल करून आणखी व्हिडिओ टाकले. ते शितलनं पाहिले, आणि तेव्हापासून चार माणसांत तिचे हात पदराबाहेर येईनासे झाले.

आता ती वसमतला सासरी होती. मागच्या आठवड्यात तिच्या सासूचा, सुनिताबाईंचा फोन आला होता. “ईनबाई, आमचा भागवत हळदीची गाडी घेऊन सांगलीला गेला. दोन-चार दिवसांत माघारी येणार हाय, एवढं मला सुनंला सांगता येईना. सोडून गेला असं समजून पोरगी उपाशी बसली हो. मला शिकवा तुमची बोली.”

फोन ठेवून मनकर्णाबाई देवापुढे जाऊन नुसत्या बसल्या होत्या. लेक सासरी सुखात राहावी, एवढंच त्यांनी मागितलं होतं. विहिणीनं आपणहून ‘शिकवा’ म्हणावं, हे मागायचं त्यांना सुचलंही नव्हतं.

शब्द न् शब्द मोबाइलवर टिपून वसमतला पाठवायचं ठरलं. हरीश आधी म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू.

“अन् तिथून पुढं?” मनकर्णाबाईंनी विचारलं. मग त्यानं दुकानातला एक जुना कॉम्प्युटर उचलून घरी आणला.

त्यानं दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. “हे साधंच हाय, अन् फुकट. व्हिडिओ ठेवायचे अन् बघायचे.”

“लिहायचं?”

“न्हाई.”

“किती जणांनी बघितलं, ते?”

“तेबी न्हाई दाखवत.”

“मग हेच घे.”

हरीशनं तो कॉम्प्युटर कपाटाशेजारी मांडला. “व्हिडिओ ह्याच्यातच राहतील. आपल्या घरात. कोण्या कंपनीकडं जाणार न्हाईत.”

“मग वसमतला कसे दिसतील?”

“त्याच्यासाठी आणखी एक सॉफ्टवेअर लागतंय. आपलं खासगी नेटवर्क. तू, मी, शितल, भागवत अन् सुनितामावशी, एवढ्यांच्या मोबाइलमधी मी किल्ली घालून देतो. ज्याच्याकडं किल्ली, त्यालाच ह्या घराचा रस्ता. बाकी जगाला हे दारच दिसणार न्हाई.”

“शितलला विचारलं का?”

हरीशनं विचारलं नव्हतं. त्यानं लगेच व्हिडिओ कॉल लावला. मनकर्णाबाईंनी हातांनी सगळं समजावलं. शितलनं एकच विचारलं, कोण कोण बघणार? आईनं पाच बोटं दाखवली आणि एकेक बोट धरून माणसं सांगितली. शितलनं आपल्या हातावर तीच पाच बोटं पुन्हा मोजली. मग तिनं होकारार्थी मान हलवली.

“हे फुकट कोण देतंय रे?” फोन बंद झाल्यावर मनकर्णाबाईंनी विचारलं.

“लांबलांबच्या देशातली माणसं हायेत. बनवतेत अन् ठेवून देतेत, ज्याला पाहिजे त्यानं घ्या म्हणून.”

“त्यांला कळवता येतंय का?”

“काय कळवायचं?”

“आमचं काम झालं म्हणून. त्यांच्या लेकराबाळांचं भलं व्हावं म्हणून.”

हरीशला आधी हसू आलं. मग त्यानं खरंच मोडक्यातोडक्या इंग्रजीत तसं लिहून धाडलं.

मनकर्णाबाई निंबाखाली बसल्या आणि एकेक शब्द हातांनी करून दाखवू लागल्या. सगळ्यात आधी त्यांनी ‘माघारी येणार’ हा शब्द टिपून घेतला. दुसऱ्या दिवशी हरीश वसमतला जाऊन तिघांचे मोबाइल जोडून आला.

पुढच्या रविवारी तो घरी आला, तेव्हा यादीत एक नवा व्हिडिओ होता. तो साखऱ्यात टिपलेला नव्हता.

सुनिताबाई स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या होत्या. परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून त्यांनी ‘जेवलीस का’ केलं. एक बोट चुकलं. बाजूनं हिरव्या बांगड्यांचा हात आला, त्यानं ते बोट सरळ केलं आणि मागं गेला. सुनिताबाईंनी पुन्हा केलं. या वेळी बरोबर आलं. मग त्यांनी दोन्ही तळवे गालांना लावले, झटकन उघडले आणि डोळे मिचकावले. तशी शितल मोठ्यानं हसली, लहानपणी अंगणात हसायची तशी.

“मावशी शेवटाला काय म्हणल्या?” हरीशनं विचारलं.

“मला काय माहीत?” मनकर्णाबाईंचे डोळे भरून आले होते. “हा शब्द आपल्या घरातला न्हाई. त्या दोघींनी केलाय.”

त्यांनी आपले तळवे गालांना लावून पाहिले. जमलं नाही.

“पुन्यांदा लाव,” त्या म्हणाल्या. “शिकू दे मला.”